मुलांचे भटकंतीचे गट: एकाच वयाची मुलं असावीत की लहान-मोठी एकत्र?

सायली_ठाणे

माझी लेक जूनमध्ये दहा वर्षांची होईल. शाळेत मैत्रिणी आहेत, पण सोसायटीत खाली उतरली की कठड्याला टेकून नुसती बघत राहते. वर येऊन मलाच विचारते, "आई, मला खेळायला घेतील का गं?"

गेल्या मे महिन्यात तिला पाच दिवसांच्या साहस शिबिराला पाठवलं होतं. झिपलाइन, दोरीचा पूल, तंबूत मुक्काम, सगळं झालं. फोटोही सुरेख आले. घरी आल्यावर मी सहज विचारलं, तंबूत तुझ्याबरोबर कोण कोण होतं? तिला एकाही मुलीचं नाव सांगता येईना. पाच रात्री शेजारी झोपलेल्या मुलीचं नाव माहीत नाही, हे माझ्या मनातून जातच नाही.

आता दोन पर्याय समोर आहेत. पाचवीत गेल्यावर शाळेचं गाईड पथक आहे, म्हणजे मुलींचं स्काउट. शिवाय आमच्या भागात एक गट दर दुसऱ्या रविवारी मुलांना डोंगरात नेतो. त्यात आठ ते पंधरा वर्षांची मुलं एकत्र असतात. नवऱ्याचं म्हणणं, मुलं आपापल्या वयाच्या मुलांतच रमतात, मोठी मुलं दादागिरी करतात आणि लहानांची फरफट होते. मला ते पटतंही आणि पटत नाहीही. ज्यांनी मुलांना पाठवलंय किंवा जे स्वतः अशा गटांत वाढलेत, त्यांनी अनुभव सांगावेत.

गडवेडा

लहान-मोठी एकत्र. डोळे झाकून पाठवा.

अकरा वर्षांचा असताना चाळीतल्या मोठ्या मुलांबरोबर लोणावळ्याकडून राजमाचीला गेलो होतो. वाट चढाची नाही, पण लांबच लांब. अर्ध्यात माझे पाय बोलायला लागले. आमच्यातला एक दादा, तेव्हा कॉलेजला होता, मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिला. मला एकदाही "चल लवकर" म्हणाला नाही. बाटली घटाघटा पिऊ नकोस, घोट तोंडात धरून मग गिळ, हे त्याने शिकवलं. बुटाची नाडी सैल झाली होती, ती खाली बसून बांधून दिली. राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर पोचलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते आणि आमच्या दोघांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या होत्या.

त्या दादाला आजही दिवाळीला पहिला फोन माझा असतो. वर्गातल्या किती मुलांना करतो? दोघांना.

ओवीची_आई

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे.

कुंदा

गडवेडा, तुम्हाला चांगला दादा भेटला. माझ्या मोठ्या मुलाला नाही भेटला.

तो नऊ वर्षांचा असताना अशाच एकत्र गटाच्या शिबिराला गेला होता. मोठ्या मुलांनी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्या सॅकमध्ये भरल्या. रात्री दहा जणांची ताटं त्याने आणि आणखी एका लहान मुलाने घासली. शिबिर चालवणारे दादा-ताई शेकोटीपाशी गाणी म्हणत होते, त्यांना पत्ताच नाही. घरी आल्यावर तो काही बोलला नाही. खांद्यावर वळ दिसले म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्यानंतर डोंगराचं नाव काढलं की तो खोलीत निघून जायचा. आता चौदाचा आहे, अजूनही जात नाही.

सायली, तुमच्या नवऱ्याची भीती खोटी नाही.

निवृत्त_मास्तर

कुंदाताई, वाचून वाईट वाटलं. अशा प्रसंगात चूक मुलांची कमी आणि मोठ्यांची जास्त असते.

मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं स्काउट मास्तर होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. स्काउटिंगचे जनक बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या नामांकित शाळांमधली, काही कामकरी घरांतली. त्यांची वयानुसार विभागणी केली नाही. चार संघ केले, कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल, आणि प्रत्येक संघात लहान-मोठी मुलं मिसळून घातली. प्रत्येक संघाला एक नायक दिला आणि संघाची जबाबदारी त्या मुलावर सोपवली. स्काउटिंगचा सगळा डोलारा आजही या संघपद्धतीवर उभा आहे.

मग कब, स्काउट, रोव्हर हे वयाचे टप्पे आले कुठून? धाकट्या भावंडांच्या हट्टातून! दादा स्काउटला जातो, मग मी का नाही? म्हणून १९१६ मध्ये वुल्फ कब सुरू झाले. मोठी झालेली मुलं सोडून जायला तयार नव्हती, त्यांच्यासाठी १९१८ च्या सुमारास रोव्हर आले. मुलींनी तर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात न बोलावता हजर होऊन आपला हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी गर्ल गाईड्स उभी राहिली. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स स्थापन झाली, तिच्यातही हेच टप्पे आहेत. लहानांसाठी कब-बुलबुल, दहाच्या पुढे स्काउट-गाईड, मग पंचविशीपर्यंत रोव्हर-रेंजर.

म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला पंधराच्या मुलाबरोबर बांधायचं नाही, हे नवरोबांचं म्हणणं बरोबर. पण दहाचा आणि चौदाचा एका संघात असावा, हेही तितकंच बरोबर. फक्त काम वाटून दिलेलं हवं. माझ्या पथकात नियम होता, ताटं घासण्याची पाळी नायकापासून सुरू होते. नायकाने पहिल्या रात्री राखेत हात घातले की दुसऱ्या रात्री कोणाला सांगावं लागत नाही.

कुंदा

मास्तर, आदर राखून सांगते. तुमच्या पथकात तुम्ही होतात. प्रत्येक ठिकाणी तुमच्यासारखा माणूस नसतो. पद्धत कितीही चांगली असली तरी रात्री तंबूत काय चाललंय हे बघायला कोणी उठणार आहे का, आई म्हणून मी एवढंच विचारणार.

निवृत्त_मास्तर

हा प्रश्न विचाराच. आणि "हो" हे उत्तर मिळेपर्यंत मुलाला पाठवू नका.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये टप्पे फारच बारीक आहेत. चार ते सहा स्क्विरल्स, सहा ते आठ बीव्हर्स, आठ ते साडेदहा कब्ज, मग चौदापर्यंत स्काउट्स आणि अठरापर्यंत एक्सप्लोरर्स. माझा मुलगा बीव्हर्सपासून आहे आणि मी दर गुरुवारी संध्याकाळी मदतीला जातो. इथलं सगळं काम पालक आणि स्वयंसेवकच करतात. म्हणूनच प्रतीक्षायादी लांबलचक असते. मुलं भरपूर, मोठी माणसं कमी. मी मदतीला तयार आहे म्हटल्यावर आमचा नंबर लवकर लागला.

बारीक टप्प्यांचा फायदा मला दिसला. सहा वर्षांचं पोर शेकोटीवर मार्शमेलो भाजतं, नऊ वर्षांचं पोर चाकूने काठी तासतं, बाराचं नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्री चालतं. ज्याला जे झेपतं तेच त्याच्या हातात येतं. पण साडेदहाला कब्ज सोडून स्काउट्समध्ये जाताना माझा मुलगा रडला. त्याचा जिवलग मित्र त्याच्याहून सहा महिन्यांनी लहान, तो मागे राहिला. सहा महिने दर शुक्रवारी हा विचारायचा, "बाबा, तो कधी येणार?" मित्र आला त्या दिवशी याने दारातच त्याच्याशी डाव्या हाताने हस्तांदोलन केलं, स्काउट करतात तसं. दोघंही इतके गंभीर होते की मला हसू दाबावं लागलं.

एक मराठी मूल त्या गटात असणं हे आमच्यासाठी मोठं होतं. पहिल्या शिबिराला मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. मुलाने निरोप आणला, पुढच्या वेळी चाळीस दे.

खादाड_पुणे

चाळीसही पुरणार नाहीत. :-)

अभि_नाशिक

थोडं कडू बोलतो. आमच्या शाळेत स्काउट म्हणजे इस्त्रीचा गणवेश, स्कार्फ, २६ जानेवारीचं संचलन आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी प्रमाणपत्रांची फाइल. तीन वर्षांत एकदाही शाळेच्या फाटकाबाहेर गेलो नाही. गाठी फळ्यावर खडूने काढून शिकवल्या. रीफ नॉटचं चित्र मला आजही काढता येतं, बांधता येत नाही.

उलट कॉलेजात कुठलाही गणवेश नसलेल्या चार मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो. नळीची वाट नव्हे, साधी पाचनईची. रात्री मंदिराजवळ थंडीने झोप येईना, तेव्हा एका चादरीत तिघं बसून पहाटेपर्यंत बोललो. आज जे मित्र आहेत ते त्या रात्रीचे आहेत.

निवृत्त_मास्तर

अभि, हे दुर्दैवाने खरं आहे. फळ्यावर गाठ शिकवणं म्हणजे कागदावर पोहायला शिकवणं. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान या पायऱ्या मुलाने काहीतरी करून दाखवावं म्हणून आहेत. त्यांचे रकाने झाले की त्यातला जीव जातो. सायलीताई, शाळेच्या पथकात घालण्याआधी एवढंच विचारा: गेल्या वर्षी मुलींनी किती रात्री बाहेर मुक्काम केला आणि स्वयंपाक कोणी केला? स्वयंपाक आचाऱ्याने केला असेल तर ती सहल झाली.

रेंजरताई

मास्तर, स्वयंपाकाचं अगदी बरोबर. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला एका करपलेल्या खिचडीने दिली.

सातवीत होतो. गाईड पथकाचं तीन दिवसांचं शिबिर, आमच्या संघाचं नाव मोगरा. पावसाने लाकडं ओली. संघनायिका नववीतली, तिने आम्हाला आधी सुकी काटक्याकुटक्या, मग करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी अशी लाकडांची प्रतवारी लावायला बसवलं. जाळ धरला, पातेलं ठेवलं आणि आम्ही दोघी राखणीला. गप्पांत रंगलो. खालून खिचडी करपली, वरचा तांदूळ कच्चा. रडू यायला लागलं. नायिका आली, तिने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "मधला थर चांगला आहे, तो आधी लहानांना वाढा." मग स्वतःच्या ताटात करपलेलं घेऊन बसली. आम्ही दोघींनीही तेच घेतलं. पुढच्या वर्षी संघात पाचवीच्या मुली आल्या तेव्हा आम्ही त्यांच्याशी कसं वागायचं हे आम्हाला कोणी शिकवायला लागलं नाही.

पुण्याच्या मुलींसाठी आणखी एक. गर्ल गाईड्सची जगात मोजकीच जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं 'संगम' आपल्या पुण्यात आहे. १९६६ मध्ये सुरू झालं. कॉलेजात रेंजर असताना मी तिथे मदतीला जायचे. परदेशातून आलेल्या मुलींना पोळी लाटायला शिकवली. त्यांच्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे, पण सगळ्या आवडीने खायच्या.

खादाड_पुणे

विषय सोडून विचारतो. चुलीवरचं पातेलं बाहेरून काळंकुट्ट होतं ते घासायचं कसं? आमच्या ट्रेकला दर वेळी यावरूनच भांडण होतं.

रेंजरताई

घासायची वेळच येऊ द्यायची नाही. चुलीवर ठेवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचा. बुडाला आणि कडेने, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत. काजळी मातीवर धरते. उतरवून गार झालं की पाणी टाका, माती काजळीसकट निघते.

आणि बिनभांड्याचा स्वयंपाक करून बघाच. बटाटे निखाऱ्यात पुरायचे. कणीक घट्ट भिजवून तिची वळकटी हिरव्या काठीला नागमोडी गुंडाळायची आणि निखाऱ्यावर फिरवत भाजायची. काठी कडू किंवा चिकाच्या झाडाची नको. आठ वर्षांचं मूलसुद्धा हे करतं आणि स्वतःची काठी कुणाला देत नाही.

गडवेडा

मातीचा लेप! इतकी वर्षं वाळूने घासतोय. रविवारीच करून बघतो.

दोरखंड

मैत्रीबद्दल सगळ्यांनी छान लिहिलंय. मी दोराच्या बाजूने लिहितो, कारण मुलांना कडेकपारीत नेणं हे माझं काम आहे.

झिपलाइनला मूल दोराला लटकलेलं असतं, एकटं. दोराचं दुसरं टोक शिक्षकाच्या हातात. त्यात धाडस आहे, पण सोबत्याशी काही नातं जुळत नाही. सायली, तुमच्या मुलीला तंबूतल्या मुलीचं नाव कळलं नाही याचं मला नवल वाटत नाही. पाच दिवसांत तिला त्या मुलीची गरजच पडली नसेल. त्यापेक्षा चार मुलांना तीन बांबू आणि सुतळी द्या आणि हात धुवायच्या घमेल्यासाठी तिकाटणं बांधायला सांगा. एकाने बांबू धरल्याशिवाय दुसऱ्याला क्लोव्ह हिचची गाठ मारता येत नाही. सैल बांधलं तर घमेलं कलंडतं आणि सगळ्यांचे पाय भिजतात. मग बघा कशी एकमेकांना नावाने हाका मारतात.

आता कुंदाताईंच्या मुद्द्यावर. गट कुठलाही असो, एका मोठ्या माणसामागे किती मुलं, हा पहिला प्रश्न विचारा. एकदा मला ऐन वेळी मदतीला बोलावलं तेव्हा एप्रिलच्या दुपारी चाळीस मुलं उघड्या सोंडेवर होती, बरोबर दोन प्रशिक्षक आणि पाणी संपलेलं. दोन मुलांना सावलीत आणून ओल्या फडक्याने अंग पुसावं लागलं. त्या दिवशी काही झालं नाही ते नशीब. मुली असतील तर मुक्कामाला ताई आहे का, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या पाठीवर आहे, जवळचा दवाखाना किती लांब, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वाढलं तर परतीची दुसरी वाट कोणती, हे विचारायला लाजू नका. जो चिडेल त्याच्याकडे पाठवू नका. जो वही काढून दाखवेल त्याच्याकडे पाठवा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आहे. त्याचीही चौकशी करा.

कुंदा

दोरखंड, धन्यवाद. हे मला पाच वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

माणदेशी

आमच्याकडं असले गट न्हवते. गुरं राखायला जायचो, तोच आमचा गट. सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्यापर्यंत सगळे. कुणाचं गुरू चुकलं की सगळ्यांनी हुडकायचं, सापडल्याबिगर कुणी घरी जायचं नाही. थोरल्यानं धाकट्याला मारलं तर संध्याकाळी त्याच्या घरी कळायचंच, कारण सगळी घरं एकमेकांना वळखायची. कुंदाताईंच्या पोराला त्रास झाला तिथं ही वळखच न्हवती. तवा गटात घालायच्या आधी त्या चार घरांत जाऊन च्या पिऊन या.

रेंजरताई

माणदेशी, +१००.

लीड्सकर

माणदेशींचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. उद्याच मुलाच्या संघातल्या तीन घरांना जेवायला बोलावतोय.

सायली_ठाणे

चार महिन्यांनी परत येतेय. उशिराबद्दल माफी, पण नुसतं "ठरवलं" असं लिहिण्यापेक्षा काही घडल्यावर लिहावं असं वाटत होतं.

तुमचे प्रश्न कागदावर उतरवून आधी त्या रविवारच्या गटाकडे गेलो. ताईंनी वही काढली. एका मोठ्या माणसामागे सहा मुलं, मुक्कामाला दोन ताया, रात्री आळीपाळीने जागतात. आठ-नऊची मुलं वेगळी आणि दहा ते पंधराची वेगळी, असे दोन गट त्यांनी आधीच केले होते. म्हणजे मास्तर म्हणाले तेच. मुलगी जूनमध्ये दहाची झाल्यावर थेट मोठ्या गटात गेली. माणदेशींचं ऐकून दोन घरांत चहाही पिऊन आलो. शाळेच्या गाईड पथकात "गेल्या वर्षी किती रात्री?" विचारलं तर बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, एकही नाही, पण तुम्ही पालक मदत करणार असाल तर मला न्यायचंय. त्या प्रामाणिक वाटल्या. तिथेही नाव घातलंय आणि मीही घातलंय.

पहिल्या रविवारी ती गप्पच परत आली. दुसऱ्या रविवारी गुडघा खरचटून आली आणि त्यावर कुणीतरी बांधलेला रुमाल होता. तो धुऊन, इस्त्री करून परत द्यायचाय म्हणून तिने तो आठवडाभर उशाशी ठेवला. परवा पहिला मुक्काम झाला. मी काहीही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. रात्री दिवा मालवल्यावर तीच सुरू झाली. कोण जळवांना घाबरतं आणि मीठ खिशात ठेवतं, कोण झोपेत बोलतं, कोणाच्या आजीच्या चकल्या सगळ्यात कुरकुरीत, आठवीतली कोणती ताई तिला "तू मागे राहिलीस तरी चालेल, मी पण मागेच आहे" म्हणाली. सहा मुली. सहाही नावं, आडनावांसकट. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. सकाळी त्यांनी तिच्याकडून क्लोव्ह हिच शिकून घेतली आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी पुन्हा बांधली.

निवृत्त_मास्तर

रुमाल परत दिला का?

सायली_ठाणे

दिला, मास्तर. त्या मुलीने घेतला नाही. म्हणाली, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला लागलं तर तू बांध.

कुंदा

सायली, त्या ताईंचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? धाकटा आठचा आहे. आणि मोठ्याला काल हा धागा वाचायला दिला. मोठ्या मुलांनी लहानांना सांभाळायचं असतं तिथे मदतनीस म्हणून चौदाव्या वर्षी घेतात का, असं तो विचारतोय.